आईच्या वहीतली कांद्याची खीर आणि दोन प्रकारचा चीक

आषाढ शुद्ध नवमी म्हणजे कांदेनवमी. दोन दिवसांनी एकादशी, चातुर्मास सुरू, आणि पाळणाऱ्या घरांत चार महिने कांदा-लसूण बंद. म्हणून त्या दिवशी घरोघरी कांद्याची भजी, थालीपीठ, कांदेभात यांची चंगळ असते. आमच्याकडे मात्र खीर व्हायची. कांद्याची खीर. मी शाळेत हे सांगितलं तेव्हा कुणाचा विश्वास बसला नव्हता, आणि आज सांगितलं तरी समोरचा माणूस एकदा माझ्याकडे नीट पाहतो.

मी नाशिकच्या नोटप्रेसमधून निवृत्त झालो आणि तिथेच जेलरोडला राहतो. आई गेल्यावर जुन्या नाशकातल्या घरातून माझ्या वाट्याला तिचं कल्हईचं पातेलं आणि लाल पुठ्ठ्याची वही आली. वहीत पहिल्या काही पानांवर आजीचं अक्षर आहे, पुढे आईचं. लोणची, मसाले, बाळंतिणीचं खाणं, आणि मधे पंधराएक गोड पदार्थ, त्यातले निम्मे तरी मी कुणाच्या ताटात पाहिलेले नाहीत. गेली तीन वर्षं मी ते एकेक करून बघतो आहे. कुणाच्या घरी अशी वही असेल आणि ती नुसती कपाटात पडून असेल, तर ती उघडून त्यातलं खरोखर शिजवावं, यासाठी हे सगळं लिहितो आहे.

आधी मापांचं बघून घेऊ. वहीत ग्रॅम नाहीत. किलो-ग्रॅमचा कायदा १९५६ सालचा, आणि पुढे काही वर्षांत तो टप्प्याटप्प्याने बाजारात आला. आजीच्या हाताला शेर-छटाकच माहीत. वजनाचा हिशेब सोपा आहे: तोळा म्हणजे ११.६६ ग्रॅम. पाच तोळ्यांचा छटाक, म्हणजे ५८ ग्रॅम. अदपाव ११७, पावशेर २३३, आणि ऐंशी तोळ्यांचा शेर ९३३ ग्रॅम. घोटाळा होतो तो मापी शेरात. धान्य वजनाने नाही, मापाने मोजायचे. दोन कोळव्यांचं चिपटं, दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. हा मापी शेर गावोगावी लहानमोठा असे, त्यामुळे त्याचं ग्रॅममध्ये रूपांतर करत बसू नये. पदार्थातली सगळी मापं एकाच जातीची असतील, तर नुसतं प्रमाण उचलायचं आणि घरातली एक वाटी धरून चालायचं. आणि जिथे ‘दोन पैशांचे केशर’ किंवा ‘आण्याचे वेलदोडे’ असं लिहिलेलं असेल तिथे हिशेब सोडून द्यावा. केशराच्या आठदहा काड्या, चार वेलदोडे, एवढ्यावर भागतं.

आता कांद्याची खीर. आजीच्या अक्षरात ती अशी आहे: ‘दूध शेर, कांदे पांढरे पावशेर, साखर अदपाव, तूप छटाक. कांदे अख्खे उकळावे. मग चिरावे. तीन पाणी. तुपात परतावे, तांबूस होऊ देऊ नये. दूध आटले की सोडावे.’ एवढंच.

पहिल्या वेळी मी कांदे आधी चिरले. मला वाटलं, चिरलेला कांदा लवकर शिजेल आणि त्याचा उग्रपणा पाण्यात लवकर उतरेल. तीन काय, पाच पाणी बदललं, तरी खिरीला मागून कांद्याचा वास येतच होता. दुसऱ्यांदाही तेच केलं, तेच झालं. तिसऱ्यांदा, दुसरं काहीच सुचेना म्हणून, आजीने लिहिलंय तसं केलं, आणि वास नाहीसा झाला. कारण नंतर वाचून कळलं. कांद्याचा उग्रपणा अख्ख्या कांद्यात तयार नसतोच. सुरी फिरली की पेशी फुटतात, त्यांच्यात वेगवेगळ्या कप्प्यांत असलेलं एक एन्झाइम आणि गंधकाची संयुगं एकमेकांना भेटतात, आणि तेव्हा तो डोळ्यांत पाणी आणणारा वायू तयार होतो. कांदा न चिरता उकळला की उष्णतेने ते एन्झाइमच निकामी होतं. मग चिरा, काही होत नाही. आजीला एन्झाइम ठाऊक असण्याचं कारण नाही, पण ‘अख्खे’ हा शब्द तिने उगाच लिहिला नव्हता.

म्हणून करायचं असं. पांढरे कांदे घ्या, सोललेले २५० ग्रॅम, मध्यम आकाराचे चार येतात. लासलगाव इतक्या जवळ असताना लाल कांदा घरात कायमच असतो, पण तो इथे चालत नाही. त्याच्या रंगामुळे दूध राखाडी-जांभळट दिसतं, खावंसं वाटत नाही. पांढरा कांदा उन्हाळ्यात बाजारात येतो. मी एप्रिलमध्ये घेऊन टोपलीत, वारा लागेल असा, पसरून ठेवतो. आषाढापर्यंत त्यातले काही सडतात, म्हणून दुप्पट घ्यावेत. नुसती सालं काढा. शेंडा आणि मुळांकडची चकती तशीच राहू द्या, तिथे सुरी लावली की कांदा चिरल्यासारखंच होतं. मोठ्या पातेल्यात पाणी खळखळ उकळलं की त्यात कांदे सोडा. गार पाण्यात टाकून चढवू नका, कारण तापायला जो वेळ लागतो त्यात एन्झाइमला काम करायला फुरसत मिळते. वीस मिनिटं लागतात. विणकामाची सुई आरपार, काहीही न अडता गेली पाहिजे.

ते पाणी ओता. कांदे निवले की शेंडा-बुडखा काढून उभे, अगदी बारीक चिरा. आतले पापुद्रे आता काचेसारखे झालेले असतात आणि बोटांत निसटतात, म्हणून धारदार सुरी घ्या. ते काप पुन्हा ताज्या उकळत्या पाण्यात पाच मिनिटं, पाणी ओता, आणि पुन्हा एकदा. एवढं झालं की ‘तीन पाणी’ पुरं झालं. काही जण पाण्यात तुरटी फिरवतात. मी फिरवत नाही, ती नीट धुतली गेली नाही तर पुढे दूध फाटतं.

आता परीक्षा. एक काप तोंडात टाका, चावा, तोंड मिटून नाकाने श्वास सोडा. जिभेला कांदा कळत नाही, तो नाकाला कळतो. वास आला तर चौथं पाणी. नाही आला तर काप फडक्यात घालून हलके पिळा. जोराने पिळले तर लगदा होतो.

तूप छटाकभर, म्हणजे ६० ग्रॅम, मला आधी जास्त वाटलं होतं. कमी करून पाहिलं तर काप भांड्याला चिकटले आणि कडेने तांबूस झाले. कांदा तांबूस झाला की त्याची चव भाजीकडे, पुलावाकडे वळते, आणि खीर बिघडते. तेव्हा तूप तेवढंच, आच बारीक, आणि दहा मिनिटं सोबत उभं राहायचं. कापांतलं पाणी उडून गेलं की तुपातला चरचर आवाज मंदावतो. तो कान देऊन ऐकायचा. आवाज थांबला की लगेच खाली.

दूध दुसऱ्या शेगडीवर आधीच चढवलेलं असावं. वहीतलं दूध घरच्या म्हशीचं. पिशवीतल्या दुधात त्याच्या सगळ्यांत जवळचं म्हणजे फुल क्रीम, ज्यात ६ टक्के स्निग्धांश असतो. टोन्ड दुधात तो ३ टक्केच, मग खीर पातळ राहते आणि आपण ती दाट करायला खवा-मिल्क पावडर घालत बसतो. एक लिटर दूध घ्या. ते किती आटलं हे डोळ्यांना नेहमी फसवतं. मी प्रेसमध्ये आयुष्यभर मोजण्याचं काम केलं, म्हणून काट्यावर जातो: रिकाम्या पातेल्याचं वजन कागदावर लिहून ठेवतो, लिटरभर दूध भरतं १०३० ग्रॅम, आणि पातेल्याचं वजन वजा जाता आतलं दूध ७०० ग्रॅम उरलं की गॅस बंद करतो. निम्मं आटवून पाहिलं, पण बासुंदी होते आणि कांदा तिच्यात हरवतो. साखर १२५ ग्रॅम आणि केशर घाला, पाच मिनिटं उकळा, मग परतलेले काप तुपासकट सोडा आणि दहा मिनिटं अगदी बारीक आचेवर. वेलदोडे शेवटी.

लोकांना ती काय आहे ते ओळखू येत नाही. कुणी म्हणतं शहाळ्याची मलई, कुणी म्हणतं गव्हले. जिभेवर काप मऊसर, किंचित करकरीत, आणि दुधाला एक गोडवा जो साखरेचा नाही.

आच आणि भांडं यांबद्दल इथेच सांगतो, कारण पुढच्या सगळ्या पदार्थांना ते लागू आहे. जुन्या वहीत ‘विस्तव मागे ओढावा’ असं येतं. म्हणजे चुलीतली लाकडं बाहेर ओढायची, आत निखारा आणि तापलेली माती तेवढी राहू द्यायची. गॅसवर त्याचं भाषांतर आच कमी करणं नाही. पातेल्याखाली जुना लोखंडी तवा ठेवायचा, झाकण घालायचं, गॅस अगदी बारीक, आणि शेवटची दहा मिनिटं तोही बंद. इंडक्शनवर दूध आटवू नये असं माझं स्पष्ट मत आहे. कमी आचेवर त्या शेगड्या बंद-चालू होत राहतात, चालू होतात तेव्हा पूर्ण जोराने होतात, आणि दूध बुडाला धरतं. भांडं जाड बुडाचं स्टीलचं चालेल. पितळी वापरायचं असेल तर कल्हई ताजी हवी. आईचं पातेलं मी भांडी बाजारातून कल्हई करून आणलं, आणि दुधासाठी त्याच्याइतकं सारखं तापणारं दुसरं भांडं माझ्या घरात नाही.

दुसरा पदार्थ मला चुकवून गेला तो एका शब्दामुळे. आईच्या अक्षरातलं पान: ‘चीक १ शेर, दूध २ शेर, गूळ आवडीप्रमाणे, जायफळ. चाळणीवर वाफवावे.’ मार्चचा महिना, आमच्या सोसायटीत कुरडया घालायचं चाललेलं, गच्चीवर सगळीकडे गव्हाचा चीक. मी दोन वाट्या मागून आणला, त्यात दूध-गूळ घालून वाफवला. दूध फाटलं, खाली चिकट थर बसला, वर पाणी. फेकून द्यावं लागलं. बायकोने वही हातात घेतली आणि एका नजरेत सांगितलं, “अहो, हा गव्हाचा कुठला? हा म्हशीचा चीक आहे. खरवस लिहिलाय आईंनी.”

आणि खरंच, दोन पानं पुढे आणखी एक चीक होता, ‘चीक तिसऱ्या दिवसाचा, घोटावा’. तो गव्हाचा. पण ‘तिसऱ्या दिवसाचा’ हे दोन्हींना लागू पडतं: गहू तीन दिवस भिजतो, आणि व्यालेल्या म्हशीचा तिसऱ्या दिवसाचा चीकही असतो. तेव्हापासून माझा नियम असा, की जुन्या कृतीत नामावर विसंबायचं नाही, क्रियापद बघायचं. ‘वाफवावे’ असेल तर तो जनावराचा, कारण त्यातली प्रथिनं उष्णतेने आपोआप धरतात, ढवळलं तर मोडतात. ‘घोटावा’, ‘हाटावा’ असेल तर तो गव्हाचा, कारण स्टार्च ढवळल्याशिवाय गाठीच होतात.

खरवसाचं थोडक्यात. चीक ओळखीच्या गवळ्याकडून घ्या, आणि वासराचं पोट भरल्यावर उरलेलाच घ्या, हे विचारून घ्यायला संकोच करू नका. दिंडोरी रस्त्याच्या एका मळ्यातून मला मिळतो. पहिल्या दिवसाचा असेल तर एक भाग चिकाला दोन भाग दूध, दुसऱ्या दिवसाचा असेल तर निम्मं-निम्मं, तिसऱ्या दिवसाचा बहुतेक नुसताच. गवळी दिवस सांगताना चुकतो, म्हणून आधी एका लहान वाटीत दोन चमचे मिश्रण वाफवून पाहा. रबरासारखं झालं तर दूध वाढवा, धरलं नाही तर चीक. गूळ किसून त्यातच विरघळवा आणि गाळून घ्या. पाणी खदखदू देऊ नका. जोराच्या वाफेने खरवसाला भोकं पडतात आणि त्यातून पाणी सुटतं. झाकणाला फडकं बांधा, नाहीतर वरचे थेंब पडून पृष्ठभागावर खड्डे होतात. पंचवीस मिनिटं, मध्यापर्यंत पूर्ण शिजला पाहिजे. कच्चा चीक चाखून बघू नये, कच्च्या दुधातून आजार येतात. दही, कंडेन्स्ड मिल्क आणि कॉर्नफ्लोअरचा जो खरवस मिळतो तो गोड पदार्थ म्हणून ठीक आहे, पण खऱ्याची ती दाताखाली किंचित करकरणारी घडी त्याला येत नाही.

गव्हाच्या चिकावर मात्र मी जास्त वेळ घालवला, आणि तो घालवण्यासारखा आहे. कुरडया करताना बायका मुलांना वाटीत गरम चीक, वर तूप-साखर घालून देतात, ते सगळ्यांना माहीत आहे. वहीतला प्रकार त्याच्या पुढचा: चीक दुधात घोटायचा, ताटात ओतायचा, गार झाल्यावर वड्या कापायच्या आणि त्या आटीव दुधात सोडून खायच्या.

अर्धा किलो लोकवन गहू निवडून, धुऊन भिजत घाला. आपल्या निफाडच्या संशोधन केंद्राने काढलेल्या गव्हांची नावं त्र्यंबक, तपोवन, गोदावरी अशी आहेत. त्यातला गोदावरी बन्सी, म्हणजे ड्युरम जातीचा गहू आहे, तो शेवयांना उत्तम, पण चिकासाठी मला लोकवनच बरा वाटला. रोज सकाळ-संध्याकाळ पाणी बदला. तिसऱ्या दिवशी दाणा चिमटीत दाबला की आतून पांढरं दूध सुटलं पाहिजे. नाशकात मे महिन्यात दोन दिवसांतच होतं, जानेवारीत चौथा दिवसही लागतो, तेव्हा दिवस मोजू नका, दाणा दाबा.

पूर्वी हे पाट्यावर किंवा उखळात होत असे, त्यात कोंडा अख्खा राहायचा. मिक्सर कोंड्याचीही पूड करतो आणि मग चीक करडा होतो. म्हणून भरपूर पाणी घालून, थोडे थोडे दाणे, थांबत थांबत, पाचसहा झटके फक्त. मऊ सुती फडक्यातून गाळा. चोथ्यात पाणी घालून पुन्हा एकदा पिळा. हे पाणी उंच भांड्यात रात्रभर हलवू नका. सकाळी वर पिवळसर पाणी, खाली पांढराशुभ्र घट्ट थर, आणि मधे करडा पातळ थर दिसेल. पाणी ओता, करडा थर चमच्याने निपटून काढा. त्यानंतर जी पायरी वहीत नव्हती आणि जिच्यावाचून माझे दोन घाणे फाटले ती ही: चिकात ताजं गार पाणी घालून ढवळा आणि चार तास फ्रिजमध्ये पुन्हा बसू द्या. तीन दिवसांत गहू आंबतो, तो आंबटपणा चिकात उतरतो, आणि दूध फाडतो. कुरडईला तो आंबूसपणा हवा असतो, इथे नको. आईने ही पायरी लिहिली नाही, कारण बहुधा तिच्यासाठी ती लिहिण्यासारखी गोष्टच नव्हती. जुन्या कृतींत अशी न लिहिलेली पायरी कुठेतरी असतेच, आणि पदार्थ त्याच जागी दोनदा बिघडला की ती तिथे आहे असं समजावं.

अर्ध्या किलोला मला साधारण दोन वाट्या दाट चीक मिळतो. एक वाटी चिकाला दोन वाट्या दूध, एक वाटी पाणी, पाऊण वाटी साखर, चिमूटभर मीठ. गूळ घालू नका, इथे दूध उकळायचं आहे आणि गुळाने ते फाटतं. चीक अर्ध्या गार पाण्यात सरसरीत करून घ्या. दूध, साखर आणि उरलेलं पाणी उकळलं की गॅस बारीक करून चिकाची बारीक धार सोडा, दुसऱ्या हाताने रवी नव्हे, लाकडी पळी, आणि ती बुडाला टेकवूनच फिरवायची. पहिली दोन मिनिटं काहीच होत नाही. मग एकदम जड होतं, पळी अडते, आणि बरेच जण इथेच घाबरून खाली उतरवतात. उतरवू नका. तेव्हा रंग खडूसारखा पांढरा असतो, चव पिठूळ असते. आणखी आठदहा मिनिटं घोटत राहा. हळूहळू त्यातला खडू नाहीसा होतो, गोळा अर्धपारदर्शक आणि तकतकीत दिसायला लागतो, कडा सोडतो, आणि पळीवरून पडताना तुटक न पडता सलग पट्टीसारखा पडतो. ती पट्टी दिसली की झालं. तूप लावलेल्या ताटात ओता, वर ओला हात फिरवा, तीन तास तसंच राहू द्या.

गव्हल्यांची खीर, बोटव्यांची खीर हे प्रकार वहीत आहेत, पण त्यांत अडचण नाही. वळवट, म्हणजे हाताने वळलेले हे प्रकार, घरी करणारं कुणी नसलं तरी लग्नसराईत विकत मिळतात. तुपात भाजा, आधी पाण्यात शिजवा, मग दूध. थेट दुधात टाकले तर आत कच्चे राहतात. लसणाची खीर बाळंतिणीची, पंगतीची नाही. तिच्यासाठी कांद्याचाच नियम: पाकळ्या अख्ख्या उकळा, मगच ठेचा.

कांद्याची खीर गार करून, दुसऱ्या दिवशी खावी. रात्रभरात कापांत दूध शिरतं. पुन्हा गरम करू नका. आणि पाहुण्यांना आधी चमचा खायला लावून मग ‘ओळखा पाहू’ म्हणण्याचा मोह होतो, तो आवरा. कांदा न खाणारी माणसं आपल्या ओळखीत असतात, काहींचा चातुर्मास तर काहींचा कायमचा नेम असतो. वाटी हातात देण्याआधी ती कशाची आहे ते सांगा. यंदा कांदेनवमीला मी सांगूनच वाढली, सतरा जणांपैकी चौघांनी नाही म्हटलं, त्यांच्यासाठी चिकाच्या वड्या तयार होत्या.